ओवींत उतरलेले दोन धर्म

मुळशी तालुक्यांतील ताम्हिणीचा घाट ज्यांनीं ओलांडला असेल, त्यांना देश आणि कोकण एकमेकांच्या किती निकट आहेत हें सांगावयास नको. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सह्याद्रीच्या या दोन्ही अंगांना मराठी वाङ्मयांत एक नवल घडलें. खालीं, कोकणपट्टीच्या दक्षिणेस गोव्यांत, बायबलाची कथा ओवींत उतरली. वर, देशावर श्रीगोंद्यास, एक मुसलमान साधु ओवी रचूं लागला.

गोव्यांतील कवि म्हणजे १५७९ मध्यें तेथें आलेला इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स. धर्मांतर झालेल्या कुटुंबांना जुनीं पुराणें वर्ज्य झालीं होतीं आणि त्यांच्या जागीं ऐकावयास कांहींच उरलें नव्हतें. ही उणीव ओळखून त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा असून दुसऱ्यांत येशूचें चरित्र आहे. परंतु स्वर्गाला येथें वैकुंठ म्हटलें आहे, आणि कथा पुराणिकाच्या रीतीनें, प्रश्नोत्तरांतून पुढें सरकते.

शेख महंमदाचा मार्ग निराळा. चांद बोधले यांच्या या शिष्यानें कुराणांतील कथा सांगितल्या नाहींत. १६४५ मध्यें पूर्ण झालेल्या त्याच्या अठरा प्रसंगांच्या ‘योगसंग्रामां’त युद्ध आहे तें अहंकाराशीं. मनाशीं चाललेली झुंज हेंच खरें युद्ध, असें सूफी मानीत. वारकरी संतांनाही तें परकें नव्हतें. एकेश्वरनिष्ठा आणि भक्ति यांचा तेथें सहज मेळ पडला. स्वतःस ‘अविंध’ म्हणविणारा हा कवि संतमालिकेंत जाऊन बसला.

क्रिस्तपुराणाच्या वांट्याला कठीण काळ आला. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ग्रंथाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तो टिकला, तो कानडा मुलुखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांवरूनच १९०७ मध्यें मंगळूर येथें तो पुन्हा छापला गेला. ज्या घरांची पुराणें सुटलीं होतीं, त्याच घरांच्या वंशजांनीं हें पुराण जपलें.