व्हेनिसची जमा-नावे



युरोपहून आल्यापासून सगळ्याजणी एकच विचारताहेत, "सगळ्यांत सुंदर शहर कोणतं?" रोम पाहिलं, फ्लॉरेन्स पाहिलं. तरी मी नाव घेते ते व्हेनिसचं. पाण्यातले रस्ते आणि होड्या तुम्ही फोटोंत पाहिल्याच असतील, त्यावर लिहीत नाही. मी पडले बी.कॉम., त्यामुळे माझी नजर गेली हिशेबाकडे.

लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मामंजींची हळदीची अडत होती. नोकरीचा विषय निघाला नाही, पण दुपारी स्वयंपाकघर आवरलं की कीर्द-खतावणी माझ्यापुढे यायची. तीस वर्षं लिहिली. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर "घरीच असते" म्हणायचे. या वेळी व्हिसाच्या फॉर्मवरही मुलाने 'गृहिणी' असंच भरलं. ते खरंच आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

आपण कॉलेजात शिकलो ती द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकीकडे नावे, दुसरीकडे जमा, तिच्यावरचं पहिलं सविस्तर छापील विवेचन व्हेनिसमध्येच प्रसिद्ध झालं, १४९४ साली. लिहिणारा व्यापारी नव्हता, लुका पाचोली नावाचा ख्रिस्ती साधू होता. गणितावरच्या त्याच्या जाडजूड ग्रंथात हिशेबाचा भाग आहे. तरुणपणी तो व्हेनिसमध्ये एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवायचा. ही पद्धत आपण शोधली असं तो म्हणत नाही, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची रीत लिहून काढतो. त्याने तीन वह्या सांगितल्या आहेत: कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी. मामंजींच्याही तीनच होत्या! वहीच्या सुरुवातीला क्रूसाचं चिन्ह काढावं, असंही तो सांगतो. आपण दिवाळीला वहीवर 'श्री' काढतो, तसंच की हे.

हा व्यापार चालायचा रिआल्तोला. तिथला दगडी पूल १५९१ साली पुरा झाला. फोटोसाठी सगळे त्या पुलावर थांबतात. तुम्ही पूल उतरून सान जाकोमो या छोट्या चर्चपाशी जा. त्याच्यासमोर सराफ बाकं टाकून बसायचे. नाणी न मोजता, नुसत्या वहीतल्या नोंदीने एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जायचे. चर्चच्या मागच्या भिंतीवर एक जुना लॅटिन लेख आहे. मुलाने फोनवर अर्थ काढून दिला: या देवळाभोवती व्यापार न्यायाने चालावा, वजनं खरी असावीत, करारात कपट नसावं. मी तिथेच थांबले. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' आहे ना, घेताना जास्त आणि देताना कमी मापणं? स्वाध्यायात कितीदा वाचलं असेल. तेच इतक्या दूर, बाजाराच्या मधोमध भिंतीवर कोरलेलं.

पण मैत्रिणींनो, हिशेब लिहायचा तर दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

सेंट मार्क चौकातल्या मोठ्या चर्चवर धातूचे चार घोडे आहेत. बाहेर दिसतात ते नकली, अस्सल आत संग्रहालयात ठेवलेत. ते मूळचे व्हेनिसचे नाहीतच. धर्मयुद्धाला निघालेल्या फौजेने व्हेनिसकडून जहाजं बांधून घेतली, ८५,००० मार्क चांदी कबूल केली आणि पुरे पैसे देऊ शकली नाही. ती उधारी वळवत वळवत मोहीम गेली कॉन्स्टँटिनोपलवर. १२०४ साली ते शहर लुटलं गेलं आणि घोडे इकडे आले. चौकात जो तो मान वर करून "वा!" म्हणतो. मीही म्हटलं. मग वाटलं, ही जमा कुणाच्या नावे पडली?

दुसरी जागा घेट्टो. १५१६ साली व्हेनिसने शहरातल्या ज्यूंना एका छोट्या बेटावर राहायला भाग पाडलं. रात्री दारं बंद व्हायची, बाहेर पहारा असायचा आणि त्या पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंनीच द्यायचा! पूर्वी तिथे तोफा ओतायचा कारखाना होता. त्याच्या नावावरून 'घेट्टो' शब्द आला आणि जगभर पसरला. जागा वाढेना म्हणून घरं उंच गेली. ठेंगण्या छतांचे मजल्यावर मजले आजही दिसतात. ज्यांच्याकडून कर्ज घ्यायचं, त्यांनाच रात्री कोंडायचं. आपणही संख्येने थोडे आणि बरेचसे व्यापारी. त्या चौकात मला फार वेळ उभं राहवेना.

१७९७ साली नेपोलियनपुढे व्हेनिसचं राज्य संपलं. त्याच वर्षी घेट्टोची दारं काढली गेली आणि त्याच वर्षी ते चार घोडे पॅरिसला नेले गेले. १८१५ ला परत आले. लुटलेलं पुन्हा लुटलं गेलं. ताळेबंद म्हणतात तो हाच का, असं मनात आलं.

आज जुन्या शहराची रया वेगळ्याच कारणाने जाते आहे. १९५१ साली तिथे सुमारे पावणेदोन लाख लोक राहायचे, आता पन्नास हजारांहूनही कमी. घरं पर्यटकांना भाड्याने दिलेली. संध्याकाळी गल्लीत शिरलं तर खिडक्या अंधारलेल्या. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. म्हणून सांगते, जमलं तर एक रात्र तरी राहा, घाईने फिरून निघू नका.

आता आपल्या कामाचं. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवण सहज होतं. 'सेंझा आल्यो, सेंझा चिपोल्ला' म्हटलं की लसूण-कांदा घालत नाहीत. पण अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं, ते पास्त्यावर भुरभुरण्याआधीच नको म्हणा. रिआल्तोजवळ सकाळी मासळी बाजार भरतो, तिकडे दुपारनंतर जा. पुलांना पायऱ्या फार, गुडघ्यांचा पट्टा न्या. होडीची हौस असेल तर सरकारी बोटीचं तिकीट स्वस्त पडतं.

घरी आल्यावर माळ्यावरून मामंजींची एक खतावणी काढली. अक्षर माझंच. शेवटच्या पानावर तेरीज जुळल्याची खूण, तीही माझीच. सुनेला दाखवली. ती म्हणाली, "आई, हे सगळं तुम्ही लिहिलंय?" मी म्हटलं, "हो. तीस वर्षं."

पुढच्या वेळी तो फॉर्म मी स्वतः भरणार आहे.

जय जिनेंद्र.