मोत्या, पिसवा आणि प्लेगची साल

गेल्या दिवाळीत खोडदला मामाकडे गेलो होतो. पहिल्याच रात्री घोट्यांना अशी खाज सुटली की विचारू नका! सकाळी पाहतो तर लाल ठिपके, तीन-तीनच्या रांगेत. "पिसवा!" मामी म्हणाली, आणि सगळ्यांनी मोत्याकडे पाहिलं. तो पूर्वी गोठ्यात झोपायचा. उसात बिबटे वाढल्यापासून मामाने त्याला रात्री ओटीवर घ्यायला सुरुवात केली. आता त्याला पुन्हा बाहेर बांधायचं चाललं होतं. म्हणजे बिबट्याच्या तोंडीच.

मी त्याला बारीक फणीने विंचरलं आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर घेतले. कणांभोवती तांबूस डाग उमटले. पिसवांची विष्ठा, म्हणजे मोत्याचंच पचलेलं रक्त.

तेवढ्यात आजीने प्लेगची साल काढली. तिच्या सासूकडून ऐकलेली. घरात उंदीर मरून पडला की माणसं गाव सोडायची आणि रानात झोपड्या घालून राहायची.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घराघरांत घुसले, सामान जाळलं, माणसं छावण्यांत नेली. 22 जून 1897 ला चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते आपण शाळेत शिकलोच. पण प्लेगचा जंतू 1894 मध्येच सापडला असूनही तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे त्या सोल्जरांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या साहेबालाही. एवढा छळ झाला, आणि मूळ वाहक कुणी पाहिलाच नाही!

तो पाहिला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने, 1898 च्या जूनमध्ये कराचीत. आजारी उंदराच्या अंगावर पिसवा कमी वाटल्या म्हणून त्याने हॉटेलभोवती फिरणाऱ्या एका मांजराच्या पिसवा उसन्या घेतल्या. त्याच भांड्यात जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श नाही, तरी दुसराही प्लेगने मेला. लोकांनी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत लिस्टन आणि 1905 पासून प्लेग कमिशनने गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा कुठे पटलं. बारीक जाळीने पिसवांपासून राखलेले गिनीपिग वाचत होते. आजीची सासू बरोबर होती. उंदीर मेला की भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात, तेव्हा घर सोडणंच शहाणपणाचं.

घाबरू नका, प्लेग पसरवणारी उंदराची पिसू वेगळी. मोत्याच्या अंगावरची बहुतेक मांजरपिसू. कुत्र्यांवरही तीच जास्त आढळते. पण मामाला समजावायचं होतं ते वेगळंच. दिसतात त्या पिसवा थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोश गोधडीत आणि फरशीच्या फटीत असतात. कोश कित्येक आठवडे तसेच पडून राहतात. म्हणजे मोत्याला हाकलून पिसवा जाणार नाहीत, उलट उरलेल्या आपल्याला चावतील.

गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या. फटी झाडून केर जाळला, आणि हे दर आठवड्याला करायचं ठरलं. जनावरांच्या डॉक्टरने मोत्याच्या मानेवर टाकायला थेंब दिले. मांजराला हे चुकूनही लावू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. कुत्र्याच्या काही औषधांनी मांजरं दगावतात.

परवा मामाचा फोन आला होता. मोत्या अजून ओटीवरच झोपतो. गोधडी मात्र मामी दर रविवारी उकळते आणि त्याबद्दल मला शिव्या घालते.