बीमिशचे खुले संग्रहालय

संग्रहालय म्हटले की राजेरजवाड्यांच्या तलवारी डोळ्यांपुढे येतात. उत्तर इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात, बीमिश येथे, मात्र खाणकामगारांच्या चुली पाहावयास मिळतात. स्कॅन्डिनेव्हियातील लोकसंग्रहालयांपासून स्फूर्ती घेऊन फ्रँक अ‍ॅटकिन्सन यांनी १९५८ साली ही कल्पना परगण्याच्या कौन्सिलपुढे मांडली. कोळशावर पोसलेली जीवनपद्धती अस्तास चालली आहे, हे त्यांनी वेळीच ओळखले होते. निवड करीत न बसता लोक देतील ते घ्यावयाचे, असे धोरण त्यांनी अवलंबिले. ब्रान्सपेथच्या लष्करी तळावरील बावीस शेड त्या वस्तूंनी भरून गेल्या. (मुदत संपताच जुन्या नस्त्या नष्ट करण्यात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना ही शुद्ध बेशिस्तच वाटावी!) १९७० मध्ये संग्रहालय स्थापन झाले.

हेटन-ले-होल गावातील फ्रान्सिस स्ट्रीटवरची कामगारांची घरे उतरवून येथे पुन्हा उभारलेली आहेत. राउलीचे रेल्वे स्थानक आणि अ‍ॅनफील्ड प्लेनचे सहकारी भांडारही असेच आले. कोळसा वर ओढणारे १८५५ चे वाफेचे यंत्र तर खुद्द बीमिशच्याच एका खाणीचे. पेठेतून ट्राम धावते. मुले तीतच रमतात. आम्हांस मात्र महोगनी नावाच्या खाणीत शिरताना वाकावे लागले, आणि तेथील श्रमांची कल्पना कोणत्याही ग्रंथापेक्षा पाठीच्या कण्यास अधिक लवकर आली.

डरहॅमच्या कोळसाक्षेत्रातील शेवटची खोल खाण १९९३ मध्ये बंद झाली. फ्रान्सिस स्ट्रीटवरची घरे तत्पूर्वीच बीमिशला पोहोचली होती.