घोरपडीचं पोट

सिंहगडाच्या कड्यावर दोर घेऊन चढलेली घोरपड मराठी मुलांना शाळेत जायच्या आधीच भेटते. तिचं नाव यशवंती. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ती आहे. पण ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीनंतर पंचवीसएक वर्षांनी जिंजीला बसून बखर लिहिणाऱ्या सभासदाला ती माहीत नाही. त्याचे मावळे वानरासारखे कडा चढतात. मुधोळकर घोरपड्यांच्या घराण्यात सांगतात ती कथा याहून दोनशे वर्षं मागची. बहमनी वजीर महमूद गावान कोकणात उतरला, तेव्हा खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीच्या कमरेला दोर बांधून सर केला आणि त्यावरून आडनाव पडलं. या कथांची पारख इतिहासकारांनी करावी. मी जनावरांचा डॉक्टर. घोरपड हाताळलेला माणूस एवढं सांगू शकतो, की ती कपारीत शिरून अंग फुगवून बसली तर सहजी उपसून निघत नाही, हे खरं; पण दोराला लोंबकळणाऱ्या माणसाचा भार पेलावा असं तिचं अंग नाही.

मला या कथांमधली वेगळीच गोष्ट खुपते. यशवंती मादी आहे. तिच्या नखांचं कौतुक साडेतीन शतकं झालं, तिच्या पोटात काय असतं याची विचारपूस कुणी केली नाही.

आमच्या कोरेगाव तालुक्यात घोरपडीला तोटा नव्हता. जरंडेश्वराच्या डोंगराचा उतार, तीळगंगा आणि वसना यांच्या काठच्या दरडी, जुन्या ताली, बांधावरची वारुळं ही सगळी तिची घरं. वाघ्या घेवड्याच्या रानात पाखरांची अंडी, उंदरं, किडे असं तिचं खाणं सुखानं मिळे. आता घेवड्याच्या जागी आलं आणि ऊस आले, जेसीबीनं ताली सपाट झाल्या. चर खणताना किंवा कोरड्या विहिरीत ती सापडते आणि फोन येतो.

माणसानं तिला दोन गोष्टींसाठी मारलं, कातडं आणि चरबी. कातड्याची गोष्ट खंडोबाच्या दारातली आहे. कऱ्हाडजवळच्या पालीला पौषात म्हाळसा-खंडोबाचं लग्न लागतं, तेव्हा वाघ्याच्या हातात दिमडी असते. लहान कड्यावर ताणलेलं ते पातळ चामडं परंपरेनं घोरपडीचं. बोट ओढलं की त्यातून जो घुमारा निघतो तो शेळीच्या कातड्यातून तसा निघत नाही, असं जुने वाघे सांगत. दक्षिणेतल्या खंजिरीचंही तेच. एका दिमडीला एक घोरपड पुरे, आणि दिमडी वर्षानुवर्षं टिके. जागरणासाठी मारलेल्या घोरपडींनी रानं ओस पडली नाहीत.

ओस पाडली ती परदेशी चपलांनी आणि पाकिटांनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातून सरड्या-घोरपडींची कातडी लाखांच्या संख्येनं बाहेर गेली. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७५ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात घोरपड गेली आणि तिच्या कातड्याचा परदेशी व्यापार कागदोपत्री थांबला. आपल्या कायद्याच्याही पहिल्या परिशिष्टात ती आज आहे. तिला घरात ठेवणं वाघ ठेवण्याइतकाच गुन्हा. तरी २०१७ मध्ये उघड झालं, की ‘हत्ताजोडी’ या नावानं पूजेसाठी विकली जाणारी दुर्मीळ मुळी म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. श्रद्धेनं पैसे मोजणाऱ्या माणसाच्या देव्हाऱ्यात ते कुंकू लावून ठेवलेलं असतं. मला याचा फार संताप येतो.

मादीच्या वाट्याला आली चरबी. सांधे धरले की घोरपडीचं तेल, दमा असला की मटण, ही समजूत आमच्याकडे आजही आहे. औषध म्हणून तिला कसलाही आधार नाही. पण त्या समजुतीमुळेच आषाढ-श्रावणात मादीला जास्त मागणी. त्या दिवसांत तिच्या पोटात वीसएक अंडी असतात, चरबीच्या वाद्या असतात, आणि वारूळ उकरण्यात ती इतकी गुंतलेली असते की हाती लागते. याच दिवसांत नागपंचमी येते. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, वारुळाची पूजा करायची. हा नेम नागासाठी आहे, पण त्याची सावली घोरपडीवरही पडते असं माझं मत आहे. नेम एका दिवसाचा आणि तिचं काम कित्येक आठवड्यांचं, तरी वारुळाला कुदळ लावायची नाही ही भीड एरवीही राहिली.

ही मादी कधी भरते, कुठं उकरते, अंडी घातल्यावर तोंड कसं बुजवते, हे नेमकं माहीत होतं ते तिला खणून काढणाऱ्यांना. अमेरिकन संशोधक वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी १९९४ मध्ये घोरपडीवर मोठा ग्रंथ लिहिला. मादी खऱ्या बिळाशेजारी खोटी बिळंही उकरते, हे त्यात आहे. आमच्या भागातल्या पारध्यांना ते बापजाद्यांपासून ठाऊक होतं. पण ज्यांना १८७१ च्या कायद्याच्या पठडीत गुन्हेगार जमात ठरवलं आणि ज्यांचा तो शिक्का १९५२ मध्ये पुसला, त्यांच्याकडे वही घेऊन कोण बसणार? माझ्या शिक्षणात गाय, म्हैस, घोडा, कुत्रा होते. सरपटणाऱ्या जनावराच्या बाळंतपणावर एक तासही नव्हता.

म्हणून एका वर्षी वनखात्याची माणसं एक मादी घेऊन आली, तेव्हा मला पुस्तकापेक्षा माणूस उपयोगी पडला. कुणीतरी तिला पिल्लू असल्यापासून पाळली होती, कमरेला सुतळी बांधून, सिमेंटच्या न्हाणीत. सुतळीचा वळ कातडीत रुतला होता. डोळे खोल, शेपटीच्या बुडाशी हाडं दिसत होती, आणि पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. ती पेटीचा एकच कोपरा ओरबाडत होती. सोनोग्राफीत अंडी दिसली. यांची अंडी चामड्यासारख्या कवचाची, एक्स-रेत पुसटच येतात.

अंडी अडकण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. कॅल्शियम कमी, अंगात पाणी नाही, ऊन नाही, उकरायला माती नाही. कोंबडीला अंडं अडकलं तर घाई करावी लागते, घोरपडीत थोडा वेळ मिळतो. मात्र अंडी आत कुजली की जीव जातो. गाईला चालणारं ऑक्सिटोसिन सरड्यांच्या जातीत फारसं भरवशाचं नाही. मी तिला सलाइन दिलं, कॅल्शियम दिलं, दिव्याखाली ऊब दिली, कोमट पाण्यात बसवलं. वाळूची पेटी ठेवली. ती वाळूवर नुसती पडून राहिली.

पारधी वस्तीतले एक आजोबा त्यांची शेळी घेऊन दवाखान्यात यायचे. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं. “सायेब, ही वाळूत सोडायची न्हाई. वारुळाची माती आना, वली करून दाबून भरा. अंगाला चारी बाजूनी माती लागली पायजे, मंगच ती अंडं सोडतीया. आन वर अंधार करा.” मी विचारलं, “आबा, अजून किती दिवस दम धरेल?” त्यांनी शेपटीचं बूड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, “चरबी सरलीया. उशीर नगं.”

मोडलेल्या बांधावरच्या उजाड वारुळाची माती आणली. सिमेंटच्या कड्यात दाबून भरली, वर पोतं टाकलं. तिनं रात्रीत उकरायला घेतलं आणि दोन दिवसांत बहुतेक अंडी टाकली, पिवळट, काही सुरकुतलेली. नराची गाठच पडलेली नव्हती, त्यामुळं त्यातून पिल्लं येण्याचा प्रश्न नव्हता. राहिलेली दोन शस्त्रक्रियेनं काढावी लागली. उंदीर आणि अंडी खाऊन ती भरली, वळ बुजला, मग वनखात्यानं तिला डोंगरात सोडलं. आबांना निरोप दिला तर त्यांनी पहिला प्रश्न केला तो वारूळ जवळ आहे ना, असा.

तेव्हापासून मी सर्पमित्रांना आणि वनरक्षकांना एकच सांगत आलो आहे. जून ते सप्टेंबरमध्ये विहिरीतून काढलेली धडधाकट मादी पेटीत ठेवून घेऊ नका, त्याच दिवशी त्याच शिवारात सोडा. पोट फुगलेलं आणि डोळे तेजदार असतील तर तिला औषध नको, जमीन हवी. डोळे खोल गेले असतील, मान उचलवत नसेल, तरच डॉक्टरकडे आणा, आणि येताना पोतंभर वारुळाची माती घेऊन या. ती मात्र पडक्या, रिकाम्या वारुळाचीच असू द्या.