दुरुस्ती की नवी खरेदी : अंबरनाथच्या इतिहासातून एक विचार

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की तिला रजा देऊन नवी घ्यावी, हा प्रश्न वरकरणी अगदी घरगुती वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, असे कोणीही विचारील. परंतु थोडे खोलात जाऊन पाहिले म्हणजे दिसून येते, की या प्रश्नाचे उत्तर आपण घरी बसून देतो असे आपल्याला वाटत असले, तरी त्यातले निम्मे उत्तर वस्तू घडविणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेले असते. ते कसे, हे अंबरनाथच्या इतिहासाच्या आधारे आम्ही आज मांडू इच्छितो.

सध्या हा प्रश्न लॅपटॉपच्या बाबतीत नेहमी उभा राहतो. मोरिवलीच्या किंवा आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदाराचे हिशेब, बिले, सुट्या भागांची रेखाचित्रे असा सगळा संसार त्या पाटीएवढ्या यंत्रात मांडलेला असतो. त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा अभ्यासही तसल्याच यंत्रात असतो. एके दिवशी पडदा काळा पडतो. दुकानदार यंत्र उलटेसुलटे करून सांगतो, "मदरबोर्ड गेलाय. यावर खर्च करण्यापेक्षा नवाच घ्या." चाळीस-पन्नास हजारांचा प्रश्न असतो आणि महिनाअखेर जवळ आलेली असते. अशा वेळी माणूस जे ठरवितो ते बहुधा घाईने ठरवितो. म्हणूनच घाई नसताना त्याचा विचार करून ठेवणे बरे.

अंबरनाथची प्राचीन ओळख म्हणजे तेथील शिवालय. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथे आहे. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ ते देऊळ उभे आहे, कारण दगडाचे काम चिरेबंदी होते. देवळाची पडझड झाली तर जीर्णोद्धार करावयाचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्यासाठी स्वतंत्र शब्द आपल्या भाषेत आहे, आणि तो पुण्यकर्माच्या यादीत बसलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या गावात आधुनिक कारखानदारी आली ती मात्र अगदी उलट प्रकारच्या वस्तूपासून. १९२२ साली सरकारने परदेशी आगपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया अशी जबर जकात बसविली. बाहेरून माल आणणे परवडेना, तेव्हा स्वीडनच्या आगकाडी उद्योगाने जकातीच्या भिंतीच्या आतच कारखाने काढण्याचे ठरविले. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि तिचा एक कारखाना अंबरनाथला उभा राहिला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी 'विमको' हे नाव गावाच्या नावाला जोडूनच घेतले. आता काडीचा स्वभाव पाहा. ती एकदाच पेटते. जळलेली काडी कोणी दुरुस्त करीत नाही, आणि करावी असे कोणी म्हणणारही नाही. तिच्या व्यापाराचे सारे गणित ती संपण्यावर उभे आहे. यात फसवणूक काहीच नाही, कारण विकणारा आणि घेणारा दोघांनाही ते ठाऊक असते.

फसवणूक सुरू होते ती टिकाऊ वस्तूला काडीचा स्वभाव चिकटविला जातो तेव्हा. त्याच काळात, १९२४ साली, विजेचे दिवे करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ बांधला आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवण्याचे आपसांत ठरविले. त्यापूर्वी दीड ते दोन हजार तास जळणारे दिवे त्याच कंपन्या करीत होत्या. जास्त टिकणारा दिवा पाठविणाऱ्या सभासदाला दंड होत असे. दिवा लवकर गेला, तर गिऱ्हाईक आपल्या नशिबाला दोष देऊन नवा दिवा आणीत असे.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे वळू. १९५३ साली अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी निघाली. हा संरक्षण खात्याचा कारखाना, आणि २०२१ पासून तो आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आहे. मशीन टूल म्हणजे यंत्र घडविणारे यंत्र. लेथ, मिलिंग मशीन ही त्या जातीची. लेथचा स्वभाव काडीच्या नेमका उलट आहे. त्याचे बेअरिंग झिजले तर बदलता येते, पट्टा तुटला तर नवा घालता येतो, आणि पुष्कळदा एका लेथचा मोडलेला भाग दुसऱ्या लेथवर कातून घेता येतो. पुढे १९६१ चा कायदा होऊन १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि अंबरनाथला औद्योगिक वसाहत वसली. तेथील लहान कारखान्यांची मोठी पुंजी म्हणजे यंत्र उघडून पाहण्याची धिटाई असलेले फिटर आणि टर्नर.

या धिटाईचे मोल फार मोठे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकावयाची म्हणजे ती खोलावी लागे, जुळवावी लागे, नीट करून द्यावी लागे. त्याच दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी दुरुस्ती आणि मग निर्मिती असा हा क्रम आहे. ज्या समाजाला वस्तू उघडता येत नाही, त्याला ती घडविताही येत नाही, हा त्यातला बोध आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

शेजारच्या उल्हासनगरची हकिकत याच बोधाची दुसरी बाजू दाखविते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याचा तळ पडला आणि त्यासाठी बराकी बांधल्या गेल्या. त्या युद्धापुरत्याच होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित त्यांत येऊन राहिले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तात्पुरत्या बराकींत पडदे बांधून, भिंती घालून, पत्रे बदलून हजारो कुटुंबांनी संसार थाटले. नवे घर मिळत नव्हते म्हणून जुने टिकविले गेले. दुरुस्तीमागे सदैव तत्त्वज्ञानच असते असे नाही. पुष्कळदा निव्वळ टंचाई असते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

टंचाई सरली तशी ही सवयही सैल झाली. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. तो कचेऱ्यांतून वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालला, कारण त्याची एकेक कळ सुटी करता येत होती आणि ती बसविणारा कारागीर गल्लीत होता. १९९१ नंतर आयात सैल झाली. १९९७ साली भारताने माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करार स्वीकारला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील आयात जकात शून्यावर आली. नवे यंत्र स्वस्त झाले आणि कारागिराचा वेळ महाग झाला. त्याच सुमारास लॅपटॉप अधिकाधिक पातळ होऊ लागले. पूर्वी मागच्या बाजूचे चार स्क्रू काढले की मेमरी बदलता येत असे. आता अनेक यंत्रांत ती बोर्डावर डाख देऊन कायमची बसविलेली असते आणि बॅटरी गोंदाने चिकटविलेली असते. लॅपटॉप हा जातीने लेथच आहे, परंतु तो काडीसारखा विकला जात आहे.

कधी कधी तर यंत्र मोडतही नाही आणि तरी निकालात निघते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. पुढची प्रणाली मागते ती सुरक्षा-चिप आणि तो प्रोसेसर नसलेली असंख्य चालती यंत्रे त्या दिवशी कागदोपत्री म्हातारी ठरली. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून त्यांतली पुष्कळशी आणखी काही वर्षे वापरता येतात, ही माहिती गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितली जाते.

मग आपण करावे काय? आम्हांस चार प्रश्न उपयोगी वाटतात. पहिला, नेमके काय बिघडले? बॅटरी, कीबोर्ड, पंखा, बिजागरी, साठवणीची डिस्क हे झिजणारे भाग आहेत. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण भरणांनंतर मंदावते. तेवढ्यावरून यंत्र टाकणे म्हणजे पट्टा तुटला म्हणून लेथ भंगारात देणे होय. बोर्डच जळला किंवा पाण्याने गंजला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. दुसरा, भाग मिळतो काय, आणि तो बसविणारा हात जवळपास आहे काय? तिसरा, वर्षाला किती पडते? समजा, सहा हजारांच्या दुरुस्तीने यंत्र दोन वर्षे चालणार असेल, तर वर्षाला तीन हजार पडले. पंचेचाळीस हजारांचे नवे यंत्र सहा वर्षे चालले, तरी वर्षाला साडेसात हजार पडतात. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या किमतीशी ताडून पाहण्यापेक्षा असा हिशेब अधिक खरा. चौथा, आपले काम त्या यंत्राला झेपते काय? ज्याचे रेखाचित्रांचे काम वाढले आहे, त्याने जुन्या यंत्राला दामटण्यात अर्थ नाही. अशा वेळी नवे घेणे हाच शहाणपणा. तेव्हा घेतानाच ते उघडता येते काय, मेमरी बदलता येते काय, हे दुकानात विचारून घ्यावे. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. कायद्याची वाट लांबची असली, तरी गिऱ्हाइकाने प्रश्न विचारावयास कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी, टाकलेली वस्तू जाते कोठे, हेही पाहिले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू झाले आणि त्यांची सुधारित आवृत्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यांनुसार उत्पादकावर जबाबदारी आहे. तथापि घराघरांतला लॅपटॉप बहुधा भंगारवाल्याच्या गोणीतच जातो. त्यातले शिसे आणि इतर विषारी द्रव्ये उघड्यावर जाळली, आम्लात बुडविली, की ती मातीत आणि पाण्यात उतरतात. शिवालयाच्या शेजारून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते, आणि कारखान्यांनी व वस्त्यांनी सोडलेल्या घाणीने तिची काय दशा झाली आहे, हे येथल्या माणसाला सांगावयास नको. नदीला नवी आणता येत नाही. तिच्यासाठी दुरुस्ती हा एकच मार्ग आहे. म्हणून लॅपटॉप टाकावयाचाच झाला, तर त्यातली माहिती पुसून तो अधिकृत संकलकाकडे द्यावा, आणि टाकण्यापूर्वी एकदा तो उघडून पाहणारा माणूस शोधावा. असा माणूस आपल्या गावात अजून आहे. त्याच्याकडे आपण जात राहिलो, तरच तो पुढेही राहील.