वनौषधींद्वारे अब्जांश कणांचे हरित संश्लेषण

वनस्पतींच्या अर्काच्या साहाय्याने धातूंचे अब्जांश कण (नॅनोकण) तयार करण्याच्या पद्धतीस हरित संश्लेषण असे म्हणतात. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना अब्जांश कण म्हणतात. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग होय. या पद्धतीने प्रामुख्याने चांदी व सोने यांचे कण तयार केले जातात. कडुनिंब, कोरफड यांसारख्या सुपरिचित वनौषधी त्यासाठी वापरल्या गेल्या आहेत.

पार्श्वभूमी

प्रचलित रासायनिक पद्धतींत धातूच्या क्षारांचे क्षपण करण्यासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने वापरली जातात. त्यांऐवजी वनस्पतीतील नैसर्गिक संयुगे वापरावीत, हा विचार एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयात पायाभूत संशोधन केले. त्यांनी २००३ मध्ये जिरेनियमच्या पानांपासून सोन्याचे कण मिळवल्याचे प्रसिद्ध केले. २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यापासून सोने व चांदी यांचे कण, तसेच आत सोने व बाहेर चांदीचे कवच असलेले कण तयार करण्यात आले. त्याच वर्षी गवती चहाच्या वर्गातील लेमनग्रासपासून सोन्याचे त्रिकोणी कण, तर २००६ मध्ये कोरफडीपासून सोन्याचे त्रिकोणी व चांदीचे कण मिळवल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

वाशीमसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्हे ज्याच्या कार्यक्षेत्रात येतात, त्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशी व वनस्पती यांपासून चांदीचे कण तयार करून त्यांच्या जंतुरोधक गुणांचा अभ्यास केला.

प्रक्रिया

पाने स्वच्छ धुऊन, चिरून शुद्ध पाण्यात उकळतात व अर्क गाळून घेतात. तो सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणात मिसळतात. प्रयोगांत बहुधा १ मिलिमोलर द्रावण, म्हणजे १ लिटर पाण्यात सुमारे ०.१७ ग्रॅम क्षार, वापरले जाते. अर्कातील फ्लॅव्होनॉइड, टर्पेनॉइड, पॉलिफेनॉल इत्यादी संयुगे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. त्यामुळे आयनांचे अणूंत रूपांतर होते आणि अणू एकत्र येऊन कण बनतात. अर्कातीलच काही रेणू कणांच्या पृष्ठभागावर बसून आच्छादन करतात. या आच्छादनामुळे कणांच्या गुठळ्या होत नाहीत. अशा रीतीने एकच अर्क क्षपणक व स्थिरक अशी दोन्ही कामे करतो.

ओळख

द्रावणाचा रंग पिवळसर तपकिरी होणे ही चांदीचे कण तयार झाल्याची पहिली खूण होय. सोन्याचे गोल कण असलेले द्रावण लालसर दिसते. चांदीचे कण साधारणपणे ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्रकर्षाने शोषतात. मात्र केवळ रंग हा पुरावा नव्हे. कणांचा आकार पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, तर स्फटिकरचना क्ष-किरण विवर्तनाने तपासावी लागते.

उपयोग

चांदीचे कण जीवाणूंच्या पेशीपटलास इजा करतात व चांदीचे आयन मुक्त करतात. त्यामुळे जखमेच्या पट्ट्या, कापड व जलशुद्धीकरण यांसाठी त्यांचा अभ्यास होतो. रासायनिक उत्प्रेरक व संवेदक म्हणूनही धातूंचे अब्जांश कण उपयोगी पडतात.

मर्यादा व गैरसमज

वनस्पती औषधी असल्यामुळे तिच्यापासून केलेले कणही औषधी ठरतात, असे नाही. जंतुरोधक परिणाम कणांचा, अर्काचा की उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा, हे ठरवण्यासाठी तिन्हींची स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते. पानांतील संयुगांचे प्रमाण ऋतू, माती व पानांचे वय यांनुसार बदलते. त्यामुळे प्रत्येक वेळी समान आकाराचे कण मिळवणे कठीण जाते आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात हाच मुख्य अडसर ठरतो.

‘हरित’ हे विशेषण प्रामुख्याने क्षपणक व द्रावक यांना लागू पडते. सिल्व्हर नायट्रेट दाहक असून त्याने त्वचेवर काळे डाग पडतात. चांदीयुक्त सांडपाणी जलचरांना घातक असते. चांदी दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचा कायमची निळसर करडी होते. या विकारास अर्जिरिया म्हणतात. म्हणून अशी द्रावणे घरी बनवून पिणे धोक्याचे आहे. आयुर्वेदातील रजतभस्म पुटे देऊन तयार केले जाते. त्याची निर्मितीप्रक्रिया सर्वस्वी वेगळी असल्याने हे कण व भस्म एकच मानता येत नाहीत.