राजवाडे, धुळं आणि आमचं नवापूर

नवापूर म्हटलं की लोकांना रेल्वे स्टेशनच आठवतं. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत! पण नवापूरहून विसरवाडी-साक्री करत धुळ्याला गेलात तर तिथे राजवाडे संशोधन मंडळ आहे. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, त्याआधी आमचा जिल्हा धुळेच. त्यामुळे राजवाड्यांवर थोडा हक्क सांगायला हरकत नसावी :)

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३-१९२६). त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफने १८२६ साली इंग्रजीत लिहिलेले तीन खंड. राजवाड्यांचं म्हणणं एकच: आधी अस्सल कागद दाखवा, मग बोला. आपल्या भाषेत, रिपोर्ट नको, रॉ डेटा द्या. त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला. जुन्या घराण्यांची दप्तरं, वाळवी लागलेले मोडी कागद... वाईला मिळालेल्या पत्रांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. काळ १७५० ते १७६१, म्हणजे थेट पानिपतापर्यंत. असे एकूण २२ खंड! १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पण पुढे तिथेही बिनसलं. शेवटी धुळं गाठलं आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले. त्यांच्या नावाचं मंडळ त्यानंतरचं.

त्यांचे जातींबद्दलचे बरेच निष्कर्ष आज पटत नाहीत. पण छापलेली पत्रं समोर आहेत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येतं. मला हीच त्यांची खरी कमाई वाटते.

आता प्रश्न असा, की कागद नाही तर इतिहास नाही, असं म्हटलं तर नवापूर तालुक्याचं काय? इथल्या भिल्ल, मावची, कोकणा लोकांच्या घरात कुठली आलीत दप्तरं? त्यांच्याबद्दलचे कागद बहुतेक सरकारचे. महसूल, जंगल, पोलीस. म्हणजे पुन्हा ग्रँट डफच की!

गंमत म्हणजे वाटही राजवाड्यांनीच दाखवलीय. शब्द, माणसांची नावं, गावांची नावं यांतूनही ते इतिहास शोधत. आपल्याकडे तर मोबाइल आहे. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आजीला विचारा: आपल्या पाड्याचं नाव असं का? आपण इथे कुठून आलो? ती सांगेल तसंच, तिच्याच बोलीत रेकॉर्ड करा. तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. निष्कर्ष नंतर काढू. वाळवी काय फक्त कागदालाच लागते?